संगणकीय माहितीचे जतन : साठवण, राखीव प्रती आणि स्थलांतर

गेल्या पंचवीस वर्षांत देशाच्या प्रशासनात कागदाची जागा मोठ्या प्रमाणावर संगणकाने घेतली आहे. जमिनीचे अधिकार अभिलेख, जन्म-मृत्यूच्या नोंदी, शिधापत्रिका, परीक्षांचे निकाल, रुग्णांची माहिती, निवृत्तिवेतनाचे हिशेब अशा असंख्य नोंदी आज संगणकाच्या साठवण साधनांवर आहेत. संगणकीकरणाची चर्चा होते तेव्हा वेग, पारदर्शकता आणि नागरिकांची सोय या लाभांवर भर दिला जातो आणि तो योग्यही आहे. मात्र संगणकात एकदा भरलेली माहिती दहा वर्षांनी, किंवा एखाद्या अपघातानंतर, जशीच्या तशी मिळेल याची हमी कोणी द्यायची, हा प्रश्न त्या मानाने मागे पडतो. अलीकडच्या दोन घटनांवरून या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणक प्रणालीवर सायबर हल्ला झाला. केंद्र शासनाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी सांकेतिक रूपात बंदिस्त केली. रुग्णनोंदणीसारखी कामे कर्मचाऱ्यांना हाताने करावी लागली. परंतु हल्ल्याची झळ न लागलेल्या एका राखीव सर्व्हरवरून ई-हॉस्पिटल प्रणालीची सर्व माहिती परत मिळवण्यात आली, ती नव्या सर्व्हरवर बसवण्यात आली आणि सुमारे दोन आठवड्यांनी बहुतेक सेवा पूर्ववत झाल्या.

दुसरी घटना दक्षिण कोरियातील आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील शासकीय माहिती केंद्रात लिथियम-आयन बॅटऱ्यांना आग लागली. शेकडो शासकीय सेवा ठप्प झाल्या. शासकीय कर्मचाऱ्यांनी आपली कार्यालयीन कागदपत्रे ठेवण्यासाठी वापरलेली 'जी-ड्राइव्ह' ही सामाईक साठवण प्रणाली या आगीत नष्ट झाली. तिच्यात ८५८ टेराबाइट माहिती होती. साठवण फार मोठी असल्यामुळे तिची प्रत केंद्राबाहेर अन्यत्र ठेवलेलीच नव्हती. जी कागदपत्रे मंजुरीसाठी असलेल्या वेगळ्या प्रणालीतही नोंदवली गेली होती, ती परत मिळण्याचा मार्ग उरला, बाकीची गेली.

दोन्ही देशांत तंत्रज्ञान उपलब्ध होते आणि तज्ज्ञही होते. निर्णायक फरक हा की पहिल्या ठिकाणी मूळ माहितीपासून अलग असलेली दुसरी प्रत होती आणि दुसऱ्या ठिकाणी ती नव्हती. माहिती साठवणे आणि माहिती जतन करणे ही दोन भिन्न कामे आहेत. पहिले काम साधन विकत घेऊन होते. दुसरे मात्र नियम, जबाबदारी आणि नियमित पडताळणी यांवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या कामाची मूलतत्त्वे पाहावयाची आहेत.

साठवण साधने आणि त्यांच्या मर्यादा

आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये जगातील पहिली व्यापारी हार्ड डिस्क बाजारात आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या असलेल्या या अवजड यंत्रात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज तळहातावर मावणाऱ्या साधनात त्याच्या लाखो पट माहिती राहते. क्षमता वाढली, तरी साधन कधी ना कधी निकामी होणार हे सत्य बदललेले नाही.

सध्या प्रामुख्याने तीन प्रकारची साधने वापरात आहेत. हार्ड डिस्कमध्ये वेगाने फिरणाऱ्या चकत्यांवर चुंबकीय स्वरूपात नोंद होते. वाचणारे टोक चकतीपासून अत्यंत सूक्ष्म अंतरावर तरंगत असते; त्यामुळे धक्का, धूळ आणि झीज हे तिचे शत्रू आहेत. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये फिरणारा भाग नसतो. तेथे सूक्ष्म पेशींत विद्युतभार साठवून नोंद केली जाते. हे साधन वेगवान असले, तरी वीजपुरवठ्याविना दीर्घकाळ पडून राहिल्यास भार हळूहळू कमी होऊन माहिती बिघडू शकते. म्हणून कपाटात ठेवून देण्याच्या दीर्घकालीन प्रतीसाठी ते योग्य नाही. तिसरे साधन म्हणजे चुंबकीय फीत. ती जुनी वाटली तरी मोठ्या माहिती केंद्रांत आजही वापरली जाते. एलटीओ मालिकेतील नवव्या पिढीच्या एका फितीत १८ टेराबाइट माहिती मावते. फीत यंत्रातून काढून ठेवली की तिचा जाळ्याशी संबंध उरत नाही. त्यामुळे दूरवरच्या हल्लेखोराला ती पुसता येत नाही.

साधनाचे व्यवस्थापन करताना काही मर्यादा ठाऊक असाव्या लागतात. उत्पादक १ टेराबाइट म्हणजे दहाचा बारावा घात इतके बाइट असे मोजतात. काही संगणक प्रणाली मात्र दोनच्या घातांत मोजतात. त्यामुळे १ टेराबाइटची डिस्क पडद्यावर सुमारे ९३१ गिगाबाइट दिसते. यात जागा हरवलेली नसते. फॅट-३२ या जुन्या फाइल रचनेत एका फाइलचा आकार ४ गिगाबाइटच्या आतच असावा लागतो. जुन्या एमबीआर विभाजन पद्धतीत सर्वसाधारणपणे सुमारे २ टेराबाइटपलीकडची जागा वापरता येत नाही, म्हणून मोठ्या डिस्कसाठी जीपीटी पद्धत वापरली जाते. नवी डिस्क घेताना या बाबी तपासल्या नाहीत, तर प्रत काढण्याचे काम अर्ध्यावर अडते.

अनेक डिस्क म्हणजे राखीव प्रत नव्हे

डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या बर्कले येथील संशोधकांनी १९८८ मध्ये 'रेड' या रचनेची मांडणी प्रसिद्ध केली. अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून त्यांतील एखादी निकामी झाली तरी काम चालू राहावे, अशी ही कल्पना आहे. रेड-१ मध्ये दोन डिस्कवर तंतोतंत तीच माहिती लिहिली जाते. रेड-५ मध्ये एका डिस्कइतकी जागा पडताळणीच्या नोंदींसाठी खर्ची पडते. म्हणजे ४ टेराबाइटच्या चार डिस्क असतील तर वापरण्याजोगी जागा १२ टेराबाइट मिळते आणि कोणतीही एक डिस्क बिघडल्यास तिच्यावरील माहिती उरलेल्या तिन्हींवरून पुन्हा तयार करता येते.

परीक्षार्थींनी येथे एक भेद नीट समजून घ्यावा. रेड ही सेवा अखंड चालू ठेवण्याची योजना आहे. कर्मचाऱ्याने चुकून फाइल पुसली, तर ती त्याच क्षणी सर्व डिस्कवरून पुसली जाते. रॅन्समवेअरने माहिती बंदिस्त केली, तर ती सर्वत्र बंदिस्त होते. आग लागली, तर एकाच कपाटातील सर्व डिस्क एकत्र जळतात. राखीव प्रतीचे मूल्य ती मूळ प्रतीपासून किती अलग आहे यावर ठरते. हे अंतर स्थळाचे असावे, काळाचे असावे आणि अधिकाराचेही असावे. मूळ माहिती पुसण्याचा अधिकार ज्या खात्याला आहे, त्याच खात्याला राखीव प्रतही पुसता येत असेल, तर प्रती कितीही असोत, संरक्षण एकाच पासवर्डएवढे उरते.

राखीव प्रतींचे प्रकार

राखीव प्रती मुख्यतः तीन प्रकारांनी घेतल्या जातात. पूर्ण प्रतीत सर्व माहिती उतरवली जाते. वाढीव, म्हणजेच इन्क्रिमेंटल प्रतीत मागील कोणत्याही प्रतीनंतर झालेले बदल तेवढे घेतले जातात. फरकाच्या, म्हणजेच डिफरन्शियल प्रतीत मागील पूर्ण प्रतीनंतरचे सर्व बदल दर वेळी घेतले जातात.

एक उदाहरण घेऊ. एका कार्यालयात ५०० गिगाबाइट माहिती आहे आणि दररोज १० गिगाबाइट नवी माहिती वाढते. रविवारी रात्री पूर्ण प्रत घेतली. सोमवार ते गुरुवार दर रात्री वाढीव प्रत घेतल्यास चार रात्रींत एकूण ४० गिगाबाइट लिहावे लागतात. फरकाची प्रत घेतल्यास अनुक्रमे १०, २०, ३० आणि ४० असे एकूण १०० गिगाबाइट लिहावे लागतात. शुक्रवारी सकाळी डिस्क निकामी झाली असे समजा. वाढीव पद्धतीत रविवारची पूर्ण प्रत आणि नंतरचे चारही संच क्रमाने लागतील. त्यांतील मंगळवारचा संच खराब निघाला तर पुढची साखळी तुटेल. फरकाच्या पद्धतीत रविवारची प्रत आणि गुरुवारचा संच एवढ्या दोनच गोष्टी पुरतात. पहिल्या पद्धतीत रोजचा वेळ व जागा वाचते. दुसरीत संकटाच्या दिवशी धोका कमी होतो.

किती वेळाने प्रत घ्यावी, हे दोन प्रश्नांवरून ठरते. पहिला प्रश्न : जास्तीत जास्त किती काळातील नोंदी गमावणे आपल्याला परवडेल? यास पुनर्प्राप्ती बिंदूचे उद्दिष्ट म्हणतात. दुसरा प्रश्न : सेवा किती वेळात पुन्हा सुरू झाली पाहिजे? हे पुनर्प्राप्ती कालावधीचे उद्दिष्ट होय. ग्रंथालयाच्या सूचीसाठी एक दिवसाचे नुकसान चालू शकेल. बँकेच्या व्यवहारांत एका मिनिटाचेही चालणार नाही. पहिल्या उद्दिष्टावरून प्रतींची वारंवारता ठरते, तर दुसऱ्यावरून साधनांची व मनुष्यबळाची तयारी.

या क्षेत्रात '३-२-१' हा नियम सर्वमान्य आहे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या लेखनातून तो रूढ झाला. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी, असे तो सांगतो. रॅन्समवेअरचा धोका वाढल्यापासून यात आणखी दोन अटी जोडल्या जातात : एक प्रत जाळ्यापासून तुटलेली किंवा बदलता न येणारी असावी आणि पडताळणीत शून्य त्रुटी आढळाव्यात.

पडताळणीविना प्रत अपुरी

शेवटच्या अटीचे महत्त्व गिटलॅब या कंपनीच्या अनुभवातून जगासमोर आले. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याकडून दुरुस्तीच्या धावपळीत दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवरील माहिती पुसली गेली. राखीव प्रतींची व्यवस्था कागदोपत्री होती. प्रत्यक्षात दैनंदिन प्रत घेणारी आज्ञावली जुन्या आवृत्तीची असल्याने अपयशी ठरत होती आणि त्या अपयशाची सूचना देणारे ई-मेलही संबंधितांपर्यंत पोहोचत नव्हते. सुमारे सहा तास आधी अन्य कारणासाठी घेतलेल्या एका प्रतीमुळे बरीचशी माहिती वाचली; त्यानंतरच्या काळातील नोंदी मात्र गेल्या. कंपनीने हा सारा तपशील स्वतःहून प्रसिद्ध केला, म्हणून तो आज अभ्यासाला उपलब्ध आहे.

राखीव प्रत घेतली गेली, याचा पुरावा म्हणून नोंदवहीतील सही पुरेशी नाही. ठरावीक काळाने ती प्रत दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उतरवून, नोंदी उघडून आणि मोजून पाहणे, हाच खरा पुरावा. फाइलमध्ये नकळत बदल झाला आहे का, हे पाहण्यासाठी तपासअंक वापरतात. एसएचए-२५६ सारखी गणिती पद्धत कोणत्याही आकाराच्या फाइलपासून ६४ चिन्हांची ओळख तयार करते. फाइलमधील एक अक्षर बदलले तरी ही ओळख पूर्णपणे बदलते. मूळ फाइल आणि प्रत यांचे तपासअंक जुळले, तर प्रत अचूक आहे असे मानता येते.

स्थलांतराची आवश्यकता

अपघात झाला नाही, तरी काळ थांबत नाही. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये बीबीसीने एक महत्त्वाकांक्षी प्रकल्प राबवला. १०८६ मधील 'डूम्सडे बुक' या प्रसिद्ध महसुली नोंदवहीला नऊशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने तत्कालीन लोकजीवनाची माहिती, नकाशे व छायाचित्रे लेसर तबकड्यांवर साठवण्यात आली. अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि जुन्या यंत्राची नक्कल करणारी आज्ञावली तयार करण्यासाठी संशोधकांना खास प्रयत्न करावे लागले. नऊशे वर्षांपूर्वीची चर्मपत्रावरील नोंदवही मात्र वाचता येत होती. फितींचेही तसेच आहे. एलटीओची आठवी पिढी वाचणारे यंत्र सातव्या पिढीची फीत वाचते, सहाव्या पिढीची नाही. म्हणून फीत सुस्थितीत असली, तरी ती वाचणारे यंत्र मिळेनासे होण्यापूर्वी माहिती पुढच्या पिढीच्या साधनावर न्यावी लागते.

भारतीय भाषांच्या बाबतीत स्थलांतराला आणखी एक पैलू आहे. युनिकोडचा वापर रूढ होण्यापूर्वी अनेक कार्यालयांत देवनागरी मजकूर फाँटवर आधारित सांकेतिक पद्धतीने टंकित होत असे. संगणकाच्या दृष्टीने ती रोमन अक्षरेच असत. विशिष्ट फाँटमुळे ती देवनागरी दिसत. तो फाँट नसलेल्या संगणकावर हा मजकूर निरर्थक चिन्हांत दिसतो आणि त्यात शब्द शोधणे किंवा नावे अकारविल्हे लावणे शक्य होत नाही. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये इस्की हे प्रमाण स्वीकारले, त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला आणि २००९ मध्ये केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाण अधिसूचित केले. परंतु जुना मजकूर रूपांतरित करावाच लागतो आणि तेथे तपासअंक कामी येत नाही, कारण रूपांतरानंतर फाइल बदलणे अपेक्षितच असते. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीने 'दऱ्या' या शब्दाचे 'दर्या' केले, तर डोंगरातील दऱ्यांचा समुद्र होतो आणि संगणक त्यास चूक म्हणत नाही. अशा वेळी नोंदींची संख्या, क्षेत्राची किंवा रकमेची एकूण बेरीज आणि भाषा जाणणाऱ्या माणसाने केलेले नमुना वाचन, या तिन्ही कसोट्या लावाव्या लागतात.

स्थलांतराचा क्रम साधारणतः असा असतो. प्रथम कोणती माहिती कोठे, कोणत्या स्वरूपात व कोणाच्या ताब्यात आहे याची यादी करावी. द्विरुक्त नोंदी दूर कराव्यात. संपूर्ण राखीव प्रत घेऊन ती उतरवून पाहावी. थोड्या माहितीवर चाचणी घ्यावी. त्यानंतर मुख्य स्थलांतर करून जुनी व नवी प्रणाली काही काळ समांतर चालवावी. बिघाड झाल्यास जुन्या प्रणालीकडे परतण्याचा मार्ग खुला ठेवावा. ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ५० लाखांहून अधिक ग्राहकांची माहिती एकाच शनिवार-रविवारी नव्या प्रणालीवर नेली. माहिती पोहोचली, पण नवी प्रणाली प्रत्यक्ष भार पेलू शकली नाही आणि लाखो ग्राहकांना आपली खाती वापरता येईनात. सेवा पूर्णपणे सुरळीत होण्यास डिसेंबर २०१८ उजाडला आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेस ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला.

स्थलांतरानंतर जुन्या साधनांची विल्हेवाट हाही कामाचाच भाग आहे. फाइल पुसली वा डिस्क नव्याने फॉरमॅट केली, तरी माहिती अनेकदा परत मिळवता येते. म्हणून भंगारात देण्यापूर्वी सुरक्षित पुसणी, सांकेतिक किल्लीचा नाश किंवा साधनाचे तुकडे करणे आवश्यक ठरते. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत. त्यांनुसार असा कचरा नोंदणीकृत प्रक्रियाकर्त्यांकडे जाणे अपेक्षित आहे.

कायदे आणि संस्था

सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ मधील अभिलेखाच्या व्याख्येत संगणकाने निर्माण केलेल्या सामग्रीचाही अंतर्भाव आहे. विहित पद्धतीवाचून असा अभिलेख नष्ट करता येत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ नुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवलेली नोंद पुढील काळात पाहता येण्याजोगी असली पाहिजे, ती मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती अचूकपणे दर्शवणाऱ्या स्वरूपात असली पाहिजे आणि तिचा उगम, गंतव्य, दिनांक व वेळ कळला पाहिजे. स्थलांतराच्या कसोट्या या कलमातच सामावल्या आहेत, असे म्हणता येईल. सर्ट-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवणे आणि प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. टप्प्याटप्प्याने अमलात येत असलेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ माहितीच्या सुरक्षेबरोबरच, प्रयोजन संपल्यावर ती पुसण्याचेही कर्तव्य सांगतो. त्यामुळे जुन्या राखीव प्रतींत कोणाची माहिती किती काळ ठेवायची, याचाही विचार करावा लागणार आहे.

राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची माहिती केंद्रे दिल्ली, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर येथे आहेत. पुण्यातील सी-डॅक संस्थेत डिजिटल जतनाचे उत्कृष्टता केंद्र विकसित झाले. इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राच्या राष्ट्रीय सांस्कृतिक दृक्-श्राव्य संग्रहाला २०१७ मध्ये आयएसओ १६३६३ या प्रमाणानुसार विश्वासार्ह डिजिटल भांडार म्हणून प्रमाणपत्र मिळाले. असा मान मिळवणारे ते जगातील पहिले भांडार ठरले. म्हणजे या कामाचे ज्ञान आणि सर्वोच्च दर्जाचा अनुभव देशात उपलब्ध आहे.

उत्तरदायित्वाचा प्रश्न

प्रश्न उरतो तो हे ज्ञान तालुका कार्यालय, नगरपरिषद, ग्रामीण रुग्णालय आणि महाविद्यालय येथपर्यंत पोहोचण्याचा. तेथे वर्षानुवर्षांच्या नोंदी बहुधा एखाद्या टेबलाखालच्या संगणकात आणि एका पेन ड्राइव्हमध्ये असतात. तो पेन ड्राइव्ह ज्याच्याकडे असतो, त्याची बदली झाली की प्रतही दिसेनाशी होते. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवरील हल्ल्याच्या चौकशीत जाळ्याची योग्य विभागणी नसल्याचे आढळले होते. हा दोष व्यवस्थापनाचा होता. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत अनेक विभागांच्या फाइली जळाल्या, तेव्हा कागदाची एकच प्रत असण्यातील धोका महाराष्ट्राने अनुभवला. तोच एकाच प्रतीचा धोका आपण कागदावरून संगणकावर आणला, तर संगणकीकरणाने वेग दिला पण सुरक्षितता दिली नाही, असे म्हणावे लागेल.

यासाठी लागणारा खर्च मूळ माहिती गोळा करण्याच्या खर्चाच्या तुलनेत अल्प असतो. प्रत्येक कार्यालयात राखीव प्रतीची जबाबदारी पदनामाने निश्चित करावी, पदभार सोपवताना प्रती व सांकेतिक किल्ल्या यांची लेखी नोंद व्हावी, तिमाहीतून एकदा प्रत उतरवून पाहण्याचा अहवाल वरिष्ठांनी मागवावा आणि वार्षिक अंदाजपत्रकात साधने बदलण्यासाठी तरतूद असावी. शेतकऱ्याचा जमिनीवरील हक्क, निवृत्त कर्मचाऱ्याचे वेतन आणि रुग्णाच्या आजाराचा इतिहास या नोंदींवर उभे असतात. नोंद हरवली तर हक्क सिद्ध करण्याचा भार त्याच नागरिकावर येऊन पडतो आणि त्याच्याकडे बहुधा दुसरी प्रत नसते. ती प्रत सांभाळणे हे शासनाचे कर्तव्य आहे.